नव्वद नंबरचं तेल

रोज सकाळी अंगणातल्या फरशीवर एक डाग.
कधी रुपयाएवढा, कधी बशीएवढा,
आणि गंधकाचा तो वास,
जो साबणाने हाताचा जातो, नाकाचा नाही.

पुढे बुलेट, चौऱ्याऐंशीची.
मागे भंगारातल्या ओम्नीचा धुरा.
मधलं लोखंड पाचपावलीच्या वेल्डरचं,
त्याने जोडताना एकदाच विचारलं होतं, पडशीन तर नाही?
तीन चाकं. फळीवर कुलरच्या वुडवूलचे गठ्ठे.
आणि मी. डावा पाय माझा दुसऱ्या वर्षीच संपावर गेला,
मागण्या अजून कळलेल्या नाहीत.

देवाजी मेश्राम म्हणाला, सील गेलं जी.
सील बदललं.
मग दुसऱ्या बाजूचं बदललं.
मग पिनियनचं, मग गॅस्केट, मग लाल सिलिकॉन
केकवर लावतात तसं.
कामठी रोडचा एकजण म्हणाला, दाट तेल टाक.
दुसरा म्हणाला, भुसा टाक लाकडाचा,
तू तं तोच विकून राहिला न बे!
हसलो मी. डाग तेवढाच.

मग तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं.
कडबी चौकाच्या पुलावरून येताना
पायाखालचं पेडल नुसतंच गेलं खाली,
म्हणजे उजव्या पायाखालचं, कामावर असलेल्या.
समोर सिटी बस.
वीतभर राहिली तिची पाठ.
एक गठ्ठा सुटून तिच्या शिडीला लटकला
आणि सदरपर्यंत तसाच गेला, फुकट.

सगळेजण खालीच शिरायचे.
थेंब खाली पडतो, म्हणून माणूसही खाली.
मला शिरता येत नाही.
निजायला वेळ लागतो, उठवायला दोघं लागतात.
मी वर बसून बॅटरी धरायचो,
इकडे. अबे, तिकडे.

त्या दुपारी शेहेचाळीस होतं.
देवाजी डबा खाऊन गोणपाटावर झोपलेला,
पान्हासुद्धा हातात धरवत नव्हता.
करायला काही नव्हतं म्हणून
मी बसल्या जागी फळी उचकटली.

धुऱ्याच्या पोटावर, अगदी वर,
बोंडाएवढी एक नळी असते.
आत तेल तापतं, हवा फुगते,
ती तिथून बाहेर पडते.
त्या नळीवर माती होती.
उडालेली नव्हे. लावलेली.
थुंकी घालून मळलेली, बोटाने फिरवल्यासारखी,
वर चिमुकल्या मडक्याचा काठ.

कुंभारीण.

वाट बंद, तेव्हा तेल बिचारं
जिथून सापडेल तिथून निघत होतं.
पाच सिलं बदलली आम्ही,
सिलांचा काही गुन्हा नव्हता.

देवाजी उठला, वाकला, बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
वरून पाह्यलंच नाही मी. काऊन नाही पाह्यलं?
शेवटच्या सिलाचे पैसे मात्र घेतले.
सील तर लागलंच होतं.

दाभणाने खरवडलं मी ते घर.
आत तीन हिरव्या अळ्या,
तिने पिल्लासाठी डंख मारून ठेवलेल्या.
जिवंत. टवटवीत. हलता न येणाऱ्या.
तळहातावर घेऊन बसलो,
किती वेळ ते सांगणार नाही.
मग निंबाच्या बुंध्याशी ठेवल्या.
मुंग्या काय, लगेच आल्या.

नळीवर रबरी पाइप चढवला, तोंड वाकवून.
डागाभोवती खडूने रेघ मारली.
आज नववा दिवस, डाग रेघेच्या आत आहे.
म्हणजे जुनाच असावा.
रोज वाकून पाहतो तरी.

आणि ती?
दोन दिवस फळीभोवती घिरट्या घालत होती,
आपलंच घर चुकल्यासारखी.
काल सकाळी पाहिलं,
दाराआड खिळ्याला माझा जुना कॅलिपर टांगलेला असतो,
गुडघ्यापाशी स्क्रू पडून गेल्याचं एक भोक आहे त्याला.
त्यात ओली माती.

दोन वर्षं घातला नाही मी तो.
बायकोला म्हटलं, झाडताना तेवढं सांभाळ.